मागे माणूस उभा आहे

१

आमची गल्ली पुढे बंद आहे. नागपुरात, इंदोऱ्यातल्या असल्या गल्लीत मोटरसायकल वळवतानाही शेजाऱ्याच्या ओट्याला चाक घासतं, आणि माझ्या नवऱ्याने घेतली ती फोर बाय फोर. चारही चाकांना जोर, टपावर दिवे, मागच्या दाराला टांगलेलं पाचवं चाक. नागसेन मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत आहे. दिवसभर विमानाच्या पोटाखाली वाकून काम करणाऱ्या माणसाला जमिनीवर आल्यावर काहीतरी मोठं लागत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती.

ती गाडी घरी आणायची म्हणजे गल्लीच्या तोंडाशी वळवायची आणि उलटी आत घ्यायची. आणि उलटी घ्यायची म्हणजे मागे मामाजी पाहिजेत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. लहानू मामाजी रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन होते, इंजिनांना मागे बोलावण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. हॉर्न वाजला की ते ताटावरून उठायचे, खरकटा उजवा हात तसाच मागे धरून, आणि गल्ली बंद करणाऱ्या शेवटच्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. "येऊ दे, येऊ दे. येऊ दे गा नाग्या." भिंत हातभर उरली की गाडीच्या मागच्या दारावर दोन थापा. "बस, बस."

त्यांचा एक नियम होता आणि तो घरात कायद्यासारखा चालायचा. "मांगं मानूस उभा असला का आरशात पाहाचं नाही. दोघं पाहाले लागले का गाडी ठोकते." नागसेन त्यांच्याच तालमीत गाडी शिकलेला. मामाजी मागे असले की तो समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत बसायचा आणि गाडी मागे जात राहायची. लग्न होऊन आले तेव्हा मी म्हटलं होतं, हे बापलेक एक दिवस कोणाचा तरी जीव घेतील. तेव्हा सगळे हसले होते, मीसुद्धा.

रविवारी कन्हानला जायचं, कामठीच्या पुढे. हिवाळ्यात नदी एका काठाला जाऊन झोपते आणि बाकी सगळी वाळूच. तिथे नागसेन टायरमधली हवा कमी करायचा, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत बसत नाही, आणि मग दोन तास घिरट्या. मी आणि सासूबाई काठावर डबे घेऊन. सासूबाईंचं नाव प्रेमिला, पण सुनेने नाव घेतलेलं त्यांना चालत नाही, तेव्हा आईच म्हणते.

मी एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानात बारीक-जाड आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. मी एकही आवाज सोडलेला नसताना बोट वर करणारी माणसं रोज बघते. खोटं बोलत नाहीत ती, त्यांना खरंच ऐकू येतं. त्यामुळे ऐकलेल्या गोष्टीवर माझा फारसा भरवसा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते.

२

डिसेंबरात आम्ही कोकणात गेलो. कन्हान पुरेनाशी झाली होती, नागसेनला समुद्राची वाळू हवी होती. मुलगी पुण्यात शिकते, तिची परीक्षा होती, म्हणून आम्ही चौघंच. गुहागरच्याही पुढे एक आडबाजूचं गाव, सुरूची झाडं, एक चहाची टपरी आणि किनाऱ्यावर वाहन नेऊ नये अशी पाटी. नागसेनने त्या पाटीशेजारी गाडीचा फोटो काढला.

समुद्र दूर होता. अगदी दूर, एक पांढरी रेघ. आणि त्याच्याअलीकडे ओली वाळू, सिमेंटसारखी घट्ट. वरच्या कोरड्या वाळूत गाडी डुलत होती, तर या ओल्या वाळूवर ती रस्त्यावर पळावी तशी पळाली. नागसेन वेड्यासारखा हसत होता. मामाजी खिडकीबाहेर हात काढून बसले होते. मग त्याने गाडी तिथेच उभी केली, तोंड झाडांकडे, पाठ समुद्राकडे.

टपरीवाला वरून ओरडला, "अहो, तिथे ठेवू नका, भरती लागेल."

"किती दूर हाय पानी," नागसेन म्हणाला. "जेवून येतो."

आम्हाला कोणालाच त्यात काही चुकीचं वाटलं नाही. कन्हानचं पाणी दिवाळीनंतर मागे सरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. अंबाझरी, गोरेवाडा, आमच्या तलावांचंही तेच. मागे गेलेलं पाणी दुपारच्या जेवणाएवढ्या वेळात परत येतं हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, पण मनातलं पाणी नदीचंच होतं. आम्ही झाडाखाली जेवलो, आडवे झालो. मामाजी आणि आई टपरीवर चहाला गेले.

मला जाग आली ती नागसेनच्या धावण्याने. पाणी गाडीच्या मागच्या चाकांना लागलं होतं आणि घट्ट वाळूचा आता चिखल झाला होता. मी त्याच्यामागे पळाले आणि शेजारच्या सीटवर चढून बसले. एकाने उतरून ढकलावं हे डोक्यात आलं नाही.

गाडी पुढे जाईना. चाकं जागीच फिरून खड्डा करत होती. थोडं मागे घेऊन मग एकदम पुढे काढायची, हे त्याला कन्हानने शिकवलेलं. त्याने रिव्हर्स टाकला, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

"येऊ दे. येऊ दे."

नागसेनचे खांदे सैल झाले, ते मला आठवतं. मागे बाबा आहेत, आता काळजी नाही. त्याने समोर बघायला सुरुवात केली.

"येऊ दे गा नाग्या. येऊ दे."

गाडी मागे जात होती. मीही समोर बघत होते. सुरूच्या झाडांतून दोन माणसं उताराने खाली येत होती. एक आई, पदर सावरत. दुसरे मामाजी, हातात चहाचा ग्लास, आणि ते दुसऱ्या हाताने आम्हाला थांबा, थांबा करत होते.

"मामाजी समोर आहेत," मी म्हटलं.

"हं," नागसेन म्हणाला. पाय त्याने काढला नाही.

"नागसेन, मामाजी समोर आहेत."

मागच्या दारावर थाप पडली. "येऊ दे."

दाराच्या फटीतून पाणी माझ्या पायावर आलं तेव्हा इंजिन बंद पडलं. मग फक्त लाटांचा आवाज राहिला. मी मागे वळून पाहिलं. मागच्या काचेतून समुद्र दिसत होता आणि बाकी काही नव्हतं.

३

ट्रॅक्टर आला, दोर लागला, गाडी निघाली. टपरीवाल्याने मामाजींना दुसरा चहा फुकट दिला. संध्याकाळपर्यंत सगळा प्रकार विनोदात जमा झाला होता. नागपूरची माणसं समुद्रात गाडी धुवायला आली होती, असं मामाजीच सांगत सुटले.

नागसेनने मला एकदाच विचारलं, "तुले पन ऐकू आलं ना?"

"कोणीतरी पर्यटक असेल, मस्करी करत."

"नाग्या म्हने तो."

"तू ऐकलंस म्हणून मीही ऐकलं," मी म्हटलं. घाबरलेल्या माणसाला रोजचा आवाज ऐकू येतो. माझी स्वतःची आई गेल्यावर मला कितीतरी दिवस तिच्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटायच्या. हे सगळं मला पाठ होतं आणि ते मी त्याला नीट समजावून सांगितलं. बोलता बोलता माझंही समाधान झालं.

थाप मात्र राहिली. आवाज मनाने घालता येतो, पण ती थाप माझ्या सीटच्या पत्र्यातून माझ्या पाठीला लागली होती.

४

घरी आलो. गाडी दोनदा आतून धुतली. वाळू निघत राहिली, तशी ती निघतेच, त्यात काही विशेष नाही.

नेहमीप्रमाणे हॉर्न, नेहमीप्रमाणे मामाजी मागे. काही दिवस गेले. मग एका सकाळी मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते. नागसेन गाडी आत घेत होता. मामाजींनी दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "बस, बस."

आणि लगेच, त्याच आवाजात, "येऊ दे."

गाडी थांबली नाही. मामाजी भिंतीला चिकटले, मागच्या दारावरच्या पाचव्या चाकाचा रबर त्यांच्या मांडीला टेकला, आणि तेव्हा कुठे माझ्या किंचाळण्याने नागसेनने ब्रेक दाबला.

"बस म्हनलं ना गा," मामाजी पाय चोळत म्हणाले. "कान फुटले का?"

"तुम्हीच तर येऊ दे म्हनलं, बाबा."

"मी काहून म्हनीन? मले मराचं हाय का?"

मामाजी माझ्याकडे बघत होते. मी कपडे वाळत घालायला वळले.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही दवाखान्यात नेऊन काचेच्या खोलीत बसवलं. नागसेनचे कान ठणठणीत. मामाजींचा डावा कान बारीक आवाजांना मेलेला होता, इंजिनाच्या शिट्ट्यांनी यार्डातच मेलेला, ते आम्हाला आधीच माहीत होतं. दोघांपैकी कोणालाही नसलेले आवाज ऐकू येत नव्हते. तेवढ्याचसाठी मी त्यांना नेलं होतं. मग मला त्या खोलीत आणखी काही विचारण्यासारखं उरलं नाही.

मला एकच गोष्ट हवी होती. मामाजींनी त्या गाडीच्या मागे उभं राहू नये. बाकी जे काय असेल ते असो. लग्नानंतर मला नोकरीला पाठवायचं की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा तो एका वाक्यात संपवणारा हा माणूस होता, आणि माझ्या वडिलांपेक्षा मला तो जवळचा होता.

५

मी नियम केले. मामाजींनी बाहेर यायचं नाही. नागसेनने उलटी घेताना काचा बंद ठेवायच्या, आत गाणी लावायची आणि मागे अंतर सांगणारं यंत्र बसवून घ्यायचं. कोणीही, कोणाच्याही आवाजात काहीही म्हणालं तरी ऐकायचं नाही. यंत्र एकसारखं वाजलं की थांबायचं. नागसेन म्हणाला, गाडीच विकून टाकू. पण ते त्याने इतक्या पडलेल्या तोंडाने म्हटलं की मी त्याला होकार दिला नाही. नंतर कितीदा तरी मनात आलं, दिला असता तर.

उपाय चालला. यंत्र वाजायचं, गाडी थांबायची. आणि आवाजही यायचा, रोज. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. मामाजी त्यांच्या खोलीत पेपर वाचत असायचे आणि बाहेरून त्यांचाच आवाज, "येऊ दे, येऊ दे." भीती वाटायची, पण पोळी करपली तर तीही काढावी लागते. माणूस कशालाही सरावतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो आवाज कधीही बस म्हणत नव्हता.

मामाजींच्याही ती लक्षात आली होती. एका दुपारी मी त्यांना ताक दिलं तेव्हा ते म्हणाले, "कोन हाय वं तो?"

मी म्हटलं, "कोण?"

"सोंग नको करू. तुले ऐकू येते, मले ऐकू येते. नाग्याले बी येते, म्हनून तो गानं लावते." त्यांनी ताक बाजूला ठेवलं. "माह्या आवाजात बोलून राहिला. तिथून मांगं लागून आला."

"मामाजी, तुम्ही बाहेर जाऊ नका. एवढंच करा."

"त्याले काम येत नाही," मामाजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग होता, आणि थोडी कीवही होती. "बोलवता कोनालेबी येते. थांबवता आलं पाहिजे. कोनाचं लेकरू मांगं आलं तर तो बस म्हनन का? माह्या आवाजात कोनाले चिरडलं तर मी तोंड कसं दाखवू?"

"यंत्र आहे ना."

"यंत्र," ते म्हणाले आणि हसले.

मी त्यांच्याकडून वचन घेतलं. त्यांनी ते दिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवून दिलं. आई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या ग्लास उचलून आत घेऊन गेल्या.

६

एप्रिलची दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही, घराघरांतून कूलरची घरघर. नागसेनची त्या दिवशी सकाळची पाळी होती. आई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मामाजी त्यांच्या खोलीत कूलरसमोर भिंतीकडे तोंड करून निजलेले, बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. मी स्वतः डोकावून बघितलं होतं.

हॉर्न वाजला. मग गाडीची घरघर गल्लीत उलटी शिरली, बंद काचांतून गाण्याची धडधड.

"येऊ दे. येऊ दे."

मी कांदा चिरत होते. चिरतच राहिले.

"येऊ दे गा नाग्या."

मग थापा. आणि, "बस. बस. अरे बस."

माझ्या हातातली सुरी खाली पडली. मी मामाजींच्या खोलीकडे पाहिलं नाही, सरळ ओट्यावर धावले.

मी जे पाहिलं ते सांगते. ते मी अर्ध्या श्वासाएवढ्या वेळात पाहिलं, ऊन पांढरं होतं आणि मी अंधाऱ्या घरातून बाहेर आले होते. हे सगळं मी स्वतःला अनेकदा सांगून झालं आहे.

भिंत आणि गाडी यांच्यामध्ये दोन माणसं उभी होती. दोघं बनियनवर, दोघांचे पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडलेले. खांद्याला खांदा लावून. एकजण दारावर थापा मारत होता आणि ओरडत होता, बस, बस. दुसऱ्याने त्याचं मनगट धरलं होतं. त्याला गाडीशी काही घेणं नव्हतं. तो ओरडणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, शिकताना मूल बघतं तसा.

गाणं वाजत होतं. मीच लावायला सांगितलेलं.

मी "थांब" म्हणून ओरडले. दोघांपैकी एक माझ्या बाजूला, ओट्याकडे सरकला. मग गाडी भिंतीला टेकली. फार मोठा आवाज झाला नाही. चिखलातून पाय उपसावा तसा एक आवाज आला आणि तोवर गप्प असलेलं यंत्र एकसारखं वाजायला लागलं.

माझ्या शेजारी मामाजी उभे होते.

"काय झालं वं?" ते म्हणाले.

मी त्यांना दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. खांदे, छाती, पाय. मी रडत होते, त्यांना मिठी मारली होती. ते धडधाकट होते. अंग गार होतं, पण ते कूलरसमोरून उठून आले होते. नागसेन उतरला, त्याने गाडी पुढे घेतली, मागे वाकून बघितलं, खाली आडवा होऊन बघितलं. काही नव्हतं. फरशी ओली होती. कूलरचं पाणी गळून तिकडे जातं कधी कधी.

७

मामाजी बरे होते. मला तेवढंच हवं होतं, आणि तेच मला मिळालं होतं. मी दिवसातून कितीदा तरी ते मनात म्हणायची.

बाहेरचा आवाज बंद झाला. आता मामाजी परत गाडीच्या मागे उभे राहायला लागले. मी अडवलं तर म्हणाले, "मी नाही तर कोन?" नागसेनला त्यात आनंदच होता. त्याने यंत्र काढून टाकलं. मी ओट्यावर उभी राहून बघायची. मामाजी भिंतीला पाठ लावून उभे, "येऊ दे, येऊ दे," आणि गाडी त्यांच्या अंगावर येत जायची. ते बस म्हणत नसत. थापही नाही. शेवटी मीच ओरडायची आणि नागसेन थांबायचा. मामाजी गाडी आणि भिंतीच्या फटीतून बाहेर यायचे आणि जेवायला बसायचे.

जेवायचे तेच, भात आणि तिखट वरण. बोलायचेही तसेच. यार्डातल्या गोष्टी विचारल्या तर सांगायचे, पण मी ज्या विचारीन त्याच, स्वतःहून एकही नाही. भर मे महिन्यात दुपारी अनवाणी फरशीवर उभे राहायचे. पेपर वाचायचा चष्मा कपाटात पडून होता.

मी नागसेनला सांगायचा प्रयत्न केला. "बाबा तुह्यासमोर जेवून राहिले," तो म्हणाला, "आन तू काय बोलून राहिली?"

म्हणून मी मामाजींना दवाखान्यात नेलं. निमित्त नेहमीचंच, वयाप्रमाणे परत एकदा तपासू. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं, मी बाहेर माझ्या जागी बसले. उजव्या कानात आवाज सोडला, बोट वर. डाव्यात जाड आवाज सोडला, बोट वर. मग डाव्याच कानात तो बारीक आवाज सोडला, जो त्यांना मी नोकरीला लागल्यापासून कधीही ऐकू आलेला नाही. बोट वर. आणखी बारीक. बोट वर. मला स्वतःला ऐकू येत नाही इतका बारीक. बोट वर.

मी यंत्र बंद केलं. भिंतीतून तारेची पिनही काढली. काचेपलीकडे मामाजी समोर बघत बसले होते, आणि त्यांचं बोट हळूच वर आलं. खाली गेलं. थोडा वेळ गेला. पुन्हा वर आलं. सावकाश, एकसारखं, कुठल्यातरी येणाऱ्या-जाणाऱ्या आवाजाला ते होकार देत होते. मी किती वेळ तशी बसले होते मला सांगता येणार नाही. शेवटी बाहेरच्या पेशंटने दार वाजवलं.

८

दिवाळीनंतर मामाजींनी स्वतःहून एक गोष्ट काढली, आणि ती पहिलीच. "समुद्रावर जाऊ," ते म्हणाले. नागसेनने त्याच दिवशी सुट्टी टाकली. मी म्हटलं, मी येणार नाही आणि तुम्हीही कोणी जायचं नाही. बापलेक दोघंही माझ्याकडे सारख्याच शांतपणे बघत होते. मग मी आईंकडे बघितलं. त्या नक्की नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, कारण एप्रिलपासून त्या मामाजींच्या खोलीत झोपत नव्हत्या. गुडघे दुखतात, पलंग उंच पडतो, असं काहीतरी सांगून त्यांनी माझ्या मुलीच्या खोलीत बिछाना टाकला होता. मी ते कधी खोदून विचारलं नव्हतं.

"जाऊ," आई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सकाळी बाहेर नागसेन टायर बघत होता आणि मामाजी आधीच गाडीत जाऊन बसले होते. मी आईंना शेवटचं समजवायचं ठरवून मुलीच्या खोलीत गेले. पलंगावर एक बॅग उघडी होती. तिच्यात दोन बनियन, धुतलेला पायजमा, हातविणीचा स्वेटर, मामाजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि कपाटातला चष्मा. आई त्यावर एक मोठा टॉवेल घडी करून ठेवत होत्या.

"मामाजींचे कपडे मी भरले की, आई. मोठ्या बॅगेत."

"ते याचे," आई म्हणाल्या. "हे त्याचे."

बाहेर नागसेनने गाडी सुरू केली.

"तुले वाटते का मले समजत नाही? उमर गेली वं माही त्याच्या बाजूले झोपून." त्यांनी टॉवेल पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. "तू सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कोनाले सांगाचं? पोरगा बाप समजून जीव लावून राहिला."

"मग आपण कशाला जायचं, आई?"

"हा तिथून आला," त्या म्हणाल्या. "तर तो तिथं गेला असन. दुसरं कुठं जाईन? पोहता येत नाही त्याले. एप्रिलपासून ओल्या अंगानं राहून राहिला माहा मानूस, आन इथं मी सुक्या बिछान्यावर झोपतो." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "आनाले नको का त्याले?"

बॅग जास्त भरली होती, चेन लागत नव्हती. मी दोन्ही कडा जवळ धरल्या आणि आईंनी चेन ओढली.